घोट्याचा सांधा बदलल्यावर: ‘पाय टेकवू नका’ आणि ‘पाय लटकवू नका’ या दोन वेगळ्या सूचना आहेत

ऑपरेशन नागपूर, मुंबई किंवा हैदराबादला होते, पण पुढचे तीन महिने गावातच काढायचे असतात. टाके निघाल्यावर व्यायामासाठी आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या बहुतेक पेशंटना एकच गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी लागते. तोवर दोन-तीन आठवडे वाया गेलेले असतात. म्हणून हे पत्रक काढले आहे. ऑपरेशनला निघण्याआधीच वाचा, आणि घरात जो तुमच्याजवळ राहणार आहे त्यालाही वाचायला द्या.

डिस्चार्ज देताना डॉक्टर सांगतात, पायावर भार द्यायचा नाही. पेशंट ते कटाक्षाने पाळतात. वॉकर धरून एका पायाने संडासपर्यंत जातात, पण ऑपरेशनचा पाय जमिनीला लागू देत नाहीत. बाकीचा दिवस मात्र बाजेच्या काठावर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीत पाय खाली सोडून जातो. भेटायला येणाऱ्यांची रीघ असते, वडीलधाऱ्यांसमोर आडवे पडून राहणे बरे वाटत नाही, जेवणही तसेच बसून होते. मग आमच्याकडे येतात तेव्हा घोटा टम्म फुगलेला आणि तक्रार ठरलेली: ‘पाय टेकवलाच नाही ना जी, मग सूज कशी काय?’

टेकवला नाही हे खरेच असते. पण दिवसभर लटकवला होता, आणि पहिल्या तीन आठवड्यांत नुकसान त्यानेच होते.

कारण समजून घ्या. या ऑपरेशनचा छेद बहुधा घोट्याच्या समोरून, उभा असतो. तिथे कातडीखाली मांसाचा थर नाही. पातळ कातडी, तिच्याखाली बोटे वर उचलणाऱ्या दोऱ्या, आणि लगेच हाड. पाय खाली लोंबला की रक्त आणि पाणी घोट्यापाशी साचते. एरवी चालताना पोटरी ते वर ढकलते, पण ती स्लॅबमध्ये (एका बाजूने लावलेल्या प्लास्टरमध्ये) बांधलेली असल्याने ते काम बंद असते. सूज वाढली की टाक्यांच्या दोन्ही कडा ताणल्या जातात, ताणलेल्या कडेला रक्त कमी पोचते, ती आधी जांभळी, मग काळी पडते आणि जखम उघडते. जखम पाझरत असताना घोटा हलवायचा व्यायाम आम्ही सुरू करत नाही. जंतू आत सांध्यापर्यंत गेले तर बसवलेला सांधा काढायची वेळ येऊ शकते.

पाय कसा ठेवायचा

पाय छातीपेक्षा वर हवा. समोर स्टूल ठेवून त्यावर पाय टाकला तर तो कमरेच्या बरोबरीला येतो, ते पुरत नाही. आडवे पडून पोटरीखाली दोन-तीन घट्ट उशा किंवा लोड ठेवा. उशी टाचेखाली ठेवू नका. टाच अधांतरी राहिली पाहिजे, तिच्याखालून तुमचा तळहात आरपार गेला पाहिजे. टाच दिवसभर उशीवर दाबली गेली तर तिथे फोड येऊन जखम होते, आणि स्लॅबच्या आत ती उशिरा लक्षात येते. बाज ढिली असेल तर उशा झोळात घसरतात. तेव्हा बाजेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा ठेवा आणि वर एकच उशी घ्या. हा उपाय फुकटचा आहे आणि आमच्याकडच्या भाड्याच्या उतरत्या गादीइतकाच चांगला आहे.

पहिले दोन आठवडे तासातली पन्नास मिनिटे पाय वर. उठायचे ते संडास, तोंड धुणे आणि जेवण यापुरते. पाय खाली घेतल्यावर बोटे जांभळट होऊन झिणझिण्या येतात. पाय वर घेतल्यावर काही मिनिटांत रंग परत आला तर घाबरू नका. आला नाही, बोटे बधिर किंवा गार राहिली, तर स्लॅब घट्ट झाला असेल. आमच्याकडे यायची वाट पाहू नका, ज्यांनी ऑपरेशन केले त्यांना त्याच तासाला फोन करा. टाक्यांची कड काळी पडणे, घाण वास, थांबत नसलेला पाझर, ताप, पोटरीत दुखून येणारी सूज यासाठीही तेच. एकदम दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट मोठा दवाखाना गाठा. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊ शकते, म्हणूनच रक्त पातळ करणारी गोळी किंवा सुई लिहून दिलेली असते. ‘आता दुखत नाही’ म्हणून ती बंद करू नका.

या काळात घोटा हलवायचा नाही, पण बाकीचा माणूस हलला पाहिजे. बोटे वर-खाली दर तासाला वीस वेळा. गुडघा ताठ करून मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायचे, असे दहादा. ताठ पाय वर उचलणे आणि कुशीवर होऊन बाजूला उचलणे, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे केले नाही तर सहाव्या आठवड्यात घोटा तयार असतो आणि मांडी तयार नसते.

खर्ऱ्याबद्दल (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल) स्पष्ट सांगतो. ‘बिडी-सिगारेट नाही, फक्त खर्रा’ हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. निकोटीन धुरातून येवो की गालातून, रक्तवाहिन्या आवळतेच, आणि घोट्यासमोरच्या कातडीला रक्त आधीच बेताचे असते. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर ते ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा, फक्त कार्डावर आहे म्हणून गप्प राहू नका, आणि नंतर पाणी भरपूर प्या. साखरेचा त्रास असेल तर साखर ताब्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

बूट मिळाल्यानंतर

टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात आणि गुडघ्याखालचा लांब बूट येतो. भार कधी आणि किती द्यायचा हे तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असेल. सांधा कोणत्या बनावटीचा आहे, सोबत लिगामेंट (हाडे एकमेकांना बांधणारा पट्टा) शिवले का, टाचेची शीर लांब केली का, यावर ते ठरते. शेजारच्या गावातल्या कोणी चौथ्या आठवड्यात भार दिला म्हणून तुम्ही देऊ नका.

‘थोडा भार’ म्हणजे किती, ते अंदाजाने कळत नाही. घरी वजनकाटा आणा. बूट घातलेला पाय काट्यावर, दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर, दोन्ही हात वॉकरवर. साठ किलोच्या माणसाला पाव भार म्हणजे 15 किलो, अर्धा म्हणजे 30. काटा तिथे येईपर्यंत हळूहळू दाबा आणि तो दाब पायाला ओळखीचा करून घ्या. दिवसातून दोनदा, आठवडाभर. हात वॉकरवरून किती उचलायचा हे मग आपोआप समजते.

बुटाचा तळ जाड असतो, त्यामुळे तो पाय लांब होतो. दुसऱ्या पायात साधी स्लीपर घातली तर पंधरा दिवसांत कंबर धरते. चांगल्या पायातही जाड तळाची चप्पल घाला, किंवा बाजारातल्या मोच्याकडून तळाला एक थर लावून घ्या. उंबरठा ओलांडताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठीवर आलात की काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. सारवलेल्या ओल्या जमिनीवर वॉकर घसरतो. त्याची रबरे गुळगुळीत झाली की बदला.

पहिल्या भेटीत आम्ही मशीन का लावत नाही

‘पैसे घेतले आणि नुसते मोजून पाठवले’ अशी नाराजी आमच्या कानावर येते. मोजणे हेच त्या दिवशीचे काम आहे. टेप घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखी फिरवून दोन्ही पायांची सूज सेंटीमीटरमध्ये लिहितो, घोटा वर किती येतो आणि खाली किती जातो ते अंशांत लिहितो. अंगठ्याने पाच सेकंद दाबून खड्डा राहतो का पाहतो. घोट्यासमोरच्या कातडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या, म्हणजे सूज उतरते आहे. कातडी चकचकीत आणि ताणलेली असेल तर व्यायामाऐवजी उशा आणि विटा सांगून परत पाठवतो. त्यात आमचा फायदा नाही, तुमचा आहे.

शेकाची मशीन मागू नका. शॉर्टवेव्ह शेक (विजेच्या लहरींनी आत खोलवर उष्णता देणारा) धातूच्या सांध्यावर चालत नाही, कारण धातूपाशी उष्णता साठून आतले मांस भाजू शकते. घरची गरम विटेची पुरचुंडीही नको. घोट्याची वरची कातडी काही महिने बधिर असते, भाजलेले कळत नाही. मालिशवाल्याला तर हात लावू देऊ नका. मोहाचे तेल चांगले असेल, पण नव्या सांध्यावर कोणी पाय पिळून काढला तर चालणार नाही. टाके भरल्यावर व्रणावर दोन बोटांनी कशी हलकी मालिश करायची ते आम्ही शिकवतो, ती तुम्हीच करायची.

आमचे खरे काम सहाव्या ते बाराव्या आठवड्यात असते. आधी फक्त वर-खाली हालचाल, बाजूला वळवणे नंतर. चवड्याला गमछा अडकवून पाय अंगाकडे ओढायचा, तीस मोजायचे, पाच वेळा. मग रबरी पट्टा, भिंतीजवळ एका पायावर तोल, दोन्ही टाचा उचलणे, आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास एक टाच. सर्वात जास्त वेळ मात्र चालीवर जातो. दुखणारा घोटा सांभाळत वर्षानुवर्षे पाऊल बाहेर वळवून चाललेला माणूस नवा सांधा आल्यावरही तसाच चालतो. ही सवय समोर आरसा ठेवून मोडावी लागते. घरच्या घरी ती क्वचितच जाते.

काय मिळेल, काय नाही

नडगीच्या टोकाला धातूची पट्टी, खालच्या हाडावर धातूची टोपी, मध्ये टणक प्लास्टिकची गादी, असा हा सांधा असतो. दुखणे जाते, त्यासाठीच तो बसवतात. हालचाल मात्र ऑपरेशनआधी होती त्याहून थोडीच वाढते. त्यामुळे उकिडवे बसता येणार नाही. कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा, आणि निंदणाला, वेचणीला बसायचे ते उंच स्टुलावर. धुऱ्यावरून उडी नाही, ट्रॅक्टरवरून उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे करून एकेक पाय. धावण्या-उडण्याने मधली गादी झिजते. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला, म्हणून कोणताही घोटा बदलला असला तरी बूट निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नको. संध्याकाळची सूज सहा महिने ते वर्षभर राहू शकते, तेवढ्याने धास्ती घेऊ नका.

तारीख तुमच्या हातात असेल तर तूर-हरभरा घरी आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. बूट मेपर्यंत निघतो आणि काळ्या मातीचा चिखल सुरू व्हायच्या आत चालायची सवय होते. उन्हाळ्यात बुटात घाम साचतो, सुती मोजा दिवसातून दोनदा बदला.

वॉकर, कमोड खुर्ची आणि उतरती गादी आमच्याकडे महिन्याच्या भाड्याने मिळते. ऑपरेशनआधी येऊन उंची लावून घेतली तर बरे, हँडल मनगटाच्या रेषेला यावे लागते. ऑपरेशनआधीच्या या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. नंतर येताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा एक्स-रे, बूट आणि चांगल्या पायातली चप्पल आणा. कार्डाशिवाय आम्ही भार देत नाही, फोनवरून कोणी सांगितले तरी. आणि एसटीच्या सीटवर पाय खाली सोडून दोन तास येऊ नका. गाडीच्या मागच्या सीटवर आडवे बसा, पोटरीखाली उशी, टाच अधांतरी.