आपत्तीतील सेवा व सांत्वन (ख्रिस्ती परंपरा)

साथीचा रोग, दुष्काळ, छळ किंवा मृत्यू अशा प्रसंगी पीडितांची शुश्रूषा करणे व त्यांना धीर देणे हे ख्रिस्ती मंडळीचे कर्तव्य मानले जाते. मत्तय २५:३५–३६, याकोब ५:१४ आणि २ करिंथ १:३–४ हे त्याचे बायबलमधील मुख्य शास्त्राधार. प्रार्थना, गृहभेट, तैलाभ्यंग (प्रार्थनेसह आजाऱ्याला तेल लावणे), अन्नवस्त्राची मदत ही रूपे सर्वपरिचित आहेत.

या सेवेला संघटित रूप केव्हा आले, याबद्दल मात्र मतभेद आहेत. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात पसरलेल्या साथीविषयी इजिप्तमधील आलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने लिहिलेले पत्र युसीबियस या प्राचीन इतिहासकाराच्या चर्च-इतिहासात (खंड ७) जतन झाले आहे. मंडळीचे वडील (धर्मगुरू), डीकन (त्यांचे साहाय्यक) व सामान्य श्रद्धावंत रोग्यांची सेवा करता करता स्वतः दगावले; मृतांचे डोळे व तोंड मिटून, त्यांना खांद्यावर वाहून, स्नान घालून कफनात गुंडाळण्यात आले, असे त्यात म्हटले आहे. हे पत्र बहुधा इ.स. २६० नंतरचे असावे. काही अभ्यासक ते दशकभर मागे नेतात. ख्रिस्तीतरांनी आपल्या आजारी माणसांना अर्धमेल्या अवस्थेत रस्त्यावर टाकले, हे त्यातील विधान जपूनच घ्यावे लागते. डायोनिशियस तटस्थ साक्षीदार नव्हता.

जुन्या संदर्भग्रंथांत ‘पाराबोलानी’ या शुश्रूषकवर्गाचा उगम याच साथीत दाखवतात. तथापि हे नाव प्रथम आढळते ते ४१६ च्या रोमन कायद्यात. आलेक्झांड्रियातील त्यांची संख्या त्यात ५०० वर मर्यादित केली होती. ४१८ मध्ये ती ६०० झाली. सार्वजनिक खेळ व न्यायालये येथे जाण्यास त्यांना बंदी होती, त्यावरून शुश्रूषेखेरीज शहरातील दंगलींतही त्यांचा हात असावा असे दिसते. मधल्या दीडशे वर्षांत त्यांचा उल्लेख नाही. म्हणून उगम चौथ्या शतकात मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

साथीतून पळून जावे की राहावे, या प्रश्नावर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२७ मध्ये पत्ररूपाने मत मांडले. धर्मोपदेशक, अधिकारी व वैद्य यांनी जागा सोडू नये. आजाऱ्यांची सोय लागली असेल तर इतरांनी जाण्यात पाप नाही. घरात धुरी द्यावी, औषध घ्यावे आणि गरज नसेल तेथे जाऊ नये, असेही त्याने बजावले. त्या वर्षी साथीमुळे विटेनबर्गचे विद्यापीठ येना येथे हलले. ल्यूथर मात्र त्याच शहरात राहिला.

रुग्णालयातच धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांत्वनकार्याचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम पाद्री अँटन बॉइसन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील वुस्टर येथील मनोरुग्णालयात सुरू केला. त्याआधी ते स्वतः मनोरुग्ण म्हणून रुग्णालयात राहिले होते.