मालवा हाउस ते डॅशबोर्ड: इंदूरच्या गाडीतल्या रेडिओची पार्श्वभूमी

खासगी एफएमला बातम्या देऊ द्याव्यात का, मीडियम वेव्ह बंद करावी का आणि डिजिटल रेडिओ कोणत्या पद्धतीचा घ्यावा, हे तीन वाद सध्या एकमेकांत मिसळून ऐकू येतात. तिन्हींत ज्याच्या नावाने भांडण चालतं तो ऐकणारा शहरात तरी बहुतेक गाडीत बसलेला असतो. घरातला रेडिओ कपाटावर गेला, मोबाइलमधला एफएम कंपन्यांनी हळूच काढून टाकला, उरला तो डॅशबोर्डवरचा. इंदूरकरांना या वादांत थोडा जास्त रस असायला हरकत नाही, कारण या वादांच्या मुळाशी असलेल्या निर्णयाची, म्हणजे एफएमच्या खासगीकरणाची, चव मुंबई-दिल्लीच्याही आधी आपल्या शहराने घेतली.

फार मागे जाण्याची गरज नाही. १८८७ मध्ये प्रयोगशाळेत ठिणगी पाडून पहिल्या रेडिओ लहरी निघाल्या. १९२७ मध्ये मुंबईहून नियमित प्रसारण सुरू झालं आणि १९३६ मध्ये सरकारी यंत्रणेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली. संस्थानांनी चालवलेली पाच केंद्रं पुढे त्यांत विलीन झाली. त्यांत बडोद्याचं आहे, होळकरांचं नाही. नाट्य, संगीत, क्रिकेट सगळ्याला आश्रय देणाऱ्या दरबाराने रेडिओ तेवढा मनावर घेतला नाही. इंदूरला स्वतःचं केंद्र मिळायला २२ मे १९५५ उजाडला. ग्वाल्हेरला १९६४.

मालवा हाउसचा, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्राचा, कार्यक्रम मीडियम वेव्हवर ६४८ किलोहर्ट्‌झवर लागायचा आणि पुढे प्रक्षेपकाची ताकद २०० किलोवॅटपर्यंत गेली. ही लहर ४६३ मीटर लांबीची. अशी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकडी आली म्हणून अडत नाही. उज्जैन, देवास, धार तर सोडाच, घाटाखालच्या निमाडातल्या शेतावरही माळवी बोलीतला शेतीचा कार्यक्रम स्वच्छ ऐकू यायचा. उलट रात्री आकाशातल्या आयनांच्या थरांतला सर्वांत खालचा थर विरला की दूरची केंद्रं वरच्या थरावरून परतून इथे उतरत. रामबाग आणि लोकमान्यनगरातल्या मराठी घरांना याचा वेगळाच उपयोग होता. इंदूर केंद्र हिंदीचं. मराठी ऐकायचं तर रात्री सुई डावीकडे न्यायची, ५५८ वर मुंबई 'ब' आणि तिथून जेमतेम तीन घरं पुढे ५८५ वर नागपूर. १९७८ पासून जगाच्या आपल्या भागात मीडियम वेव्हवरची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्‌झच्या अंतराने बसवली गेली, म्हणून तीन घरं म्हणजे बरोबर २७. चित्रपटगीतांना १९५२ नंतर आकाशवाणीवर बसलेला आळा, रेडिओ सिलोन, १९५७ ची विविध भारती, हा भाग सर्वांना पाठ आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही.

गाडीत मात्र ही मीडियम वेव्ह कधी नीट नांदली नाही. कारण साधं आहे: पेट्रोल इंजिन हेही ठिणगीचं यंत्र. प्रत्येक प्लग पेटताना एक छोटं प्रक्षेपण होतं आणि ते एएमच्या, म्हणजे याच मीडियम वेव्हच्या, पट्ट्यात थेट कटकट म्हणून ऐकू येतं. वेग वाढवला की कटकटही वेग घेते. प्लगच्या तारेत रोधक, डायनमोला कंडेन्सर, बोनेटला अर्थिंगची पट्टी, असे उपाय १९३० च्या दशकापासून चालत आलेले. त्या काळी अडचणी आणखीही होत्या. सेटमधल्या व्हॉल्व्हना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. मग गुणगुणणारा व्हायब्रेटर लावून तो दाब तयार करायचा. खड्ड्यांत हादरून केंद्र लावणाऱ्या गँग कंडेन्सरच्या पात्या हलत आणि केंद्र सरकत असे, म्हणून गाडीच्या सेटमध्ये पात्यांऐवजी कॉइलच्या आत सरकणारा गाभा वापरत. बटण खटकन दाबून केंद्र बदलायची जुनी सोय याच रचनेमुळे शक्य झाली. १९५५ मध्ये अमेरिकेत पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ निघाला आणि व्हायब्रेटर इतिहासजमा झाला. ठिणगीचा त्रास मात्र राहिला.

आणखी एक भानगड एरियलची. ४६३ मीटरच्या लहरीपुढे फेंडरवरची पाऊण मीटरची काठी म्हणजे काहीच नव्हे. तिच्याकडून जे काही हाती लागतं ते वाया जाऊ नये म्हणून सेटच्या तोंडाशी एक बारीक स्क्रू असतो, एरियल ट्रिमर. चौदाशे किलोहर्ट्‌झच्या आसपासचं एखादं अशक्त केंद्र लावून आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो फिरवायचा. एरियलची केबल बदलली की पुन्हा जुळवायचा. ज्यांनी घाईत बसवलेले रेडिओ-कॅसेटचे डेक पाहिले आहेत त्यांना माहीत आहे की हा स्क्रू बहुतेकदा कारखान्यातून आला तसाच राहायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, रेडिओ लागतच नाही. बसवणारा म्हणायचा, कॅसेट वाजते ना?

आणि कॅसेट खरंच वाजायची. १९८० चं दशक कॅसेटचंच. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि नव्या गाडीत आधी सीट कव्हर, मग स्टिरिओ, असा क्रम ठरून गेला. रेडिओचं लायसन पोस्टात भरायचा जाच त्याच दशकाच्या मध्याला संपला होता, तरी डेकवरचा बँडचा खटका बहुतेकांनी कधी हलवला नाही. नगर सेवेच्या गाड्यांपासून लग्नाच्या मॅटाडोरपर्यंत सगळीकडे टेपच. त्याच डेकवर एफएमचाही पट्टा छापलेला असे, आणि वर्षानुवर्षं तो मुका होता. यातही गंमत अशी की जपानी बाजारासाठी बनलेला स्टिरिओ हाती लागला तर त्यावर एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ एवढंच असायचं. आपला पट्टा ८८ ते १०८. असा सेट इंदुरात एफएम आल्यावरही मुकाच राहणार होता.

खरं तर गाडीची काठी जन्मतःच एफएमसाठी योग्य. ९८.३ मेगाहर्ट्‌झची लहर तीन मीटरची, तिचा चौथा हिस्सा ७६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तीच काठी. ठिणगीचा त्रासही एफएमला फारसा होत नाही, कारण ठिणगी लहरीची उंची बिघडवते आणि एफएमचा सेट उंचीकडे पाहतच नाही. स्टिरिओचं तंत्र १९६१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. डाव्या-उजव्याची बेरीज मुख्य जागी, वजाबाकी ३८ किलोहर्ट्‌झवर बसवलेली, आणि ती सोडवायला १९ किलोहर्ट्‌झचा मार्गदर्शक सूर. जुन्या मोनो सेटला नुसती बेरीज ऐकू येते, त्यामुळे कुणाचा सेट निकामी झाला नाही. आपल्याकडे पहिलं एफएम प्रसारण १९७७ मध्ये मद्रासला झालं. म्हणजे तंत्र हाती होतं, गाड्यांत सेट होते, तरी त्यानंतर बावीस वर्षं गाडीतला पट्टा कुणी भरायचा हे ठरत नव्हतं.

तो निर्णय १९९९ चा. त्याआधी फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सांगून टाकलं होतं की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचं नियमन स्वतंत्र संस्थेने लोकांच्या हितासाठी करावं. निकालाचा रोख मक्तेदारीविरुद्ध होता, मग ती सरकारची असो वा पैसेवाल्याची. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यातून काढलेला अर्थ मात्र लिलावाचा निघाला. चाळीस शहरांतल्या १०८ वारंवारिता दहा वर्षांसाठी विकायला काढल्या. जो वर्षाला सर्वांत जास्त शुल्क कबूल करील त्याची वारंवारिता, आणि ते शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. मुंबईत एकेका वारंवारितेसाठी वर्षाला पावणेदहा कोटींपर्यंत बोली गेली.

पंधरा टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. चक्रवाढीने दहाव्या वर्षी शुल्क पहिल्या वर्षाच्या साडेतीन पट होतं. जाहिरातीचं उत्पन्न त्या गतीने वाढेल असं गृहीत धरून लोकांनी बोली लावली की नुसत्या लिलावाच्या जोशात, हा वेगळा विषय, पण परिणाम दिसायला वेळ लागला नाही. बोली जिंकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी प्रक्षेपण सुरूच केलं नाही. १०८ पैकी बारा शहरांत मिळून २१ वाहिन्या प्रत्यक्षात लागल्या. या बारांत इंदूर होतं. जुलै २००१ मध्ये बंगळूरला देशातली पहिली खासगी वाहिनी सुरू झाली आणि त्याच ऑक्टोबरात इंदूरला. मुंबईकर २००२ पर्यंत आणि दिल्लीकर २००३ पर्यंत वाट पाहत होते. छोट्या शहराची बोली छोटी, म्हणून धोका कमी, असा त्यामागचा हिशेब असावा. कारण काहीही असो, छपन्न दुकानाजवळ गाडी लावून रेडिओ चालू ठेवणं ही गोष्ट आपल्याकडे मुंबईच्या आधी रूढ झाली.

शुल्काइतकाच जड भाग दुसऱ्या अटीचा होता: खासगी वाहिनीने बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या नाहीत. सरकारची बाजू अशी की रेडिओ स्वस्त आहे, सगळ्यांपर्यंत पोचतो, गावोगावच्या वाहिन्यांवर कोण काय बोलतं हे तपासायची यंत्रणा नाही, आणि दंगलीच्या वेळी एक वाक्य पुरतं. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण त्याच काळात उपग्रह वाहिन्या चोवीस तास बातम्या देत होत्या आणि वर्तमानपत्रांना कुणी परवाना विचारत नव्हतं. बंदी फक्त त्या माध्यमावर होती जे वाहन चालवणारा माणूस डोळे रस्त्यावर ठेवून ऐकू शकतो. शुल्क जबर आणि बोलायला परवानगी नाही, मग उरतं काय? हिंदी गाणी, जाहिराती आणि थट्टामस्करी. मराठी तर नाहीच. साडेतीन मिनिटांच्या हिंदी गाण्याने जो जाहिरातदार मिळतो तो शहरातल्या मराठी वस्तीपुरत्या कार्यक्रमाने मिळत नाही. वाहिन्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. अटी ज्यांनी लिहिल्या त्यांचं नाव कुणी घेत नाही.

तिसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. खासगीकरण झालं ते फक्त एफएमचं. मीडियम वेव्ह सरकारकडेच राहिली. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. शंभर मीटरच्या मनोऱ्यावरून सपाटीवर गाडीच्या काठीला क्षितिज ४५ किलोमीटरच्या आसपास मिळतं, पुढे आवाज विरतो. आग्रा-मुंबई रस्त्याने महू ओलांडून मानपूरकडे जाताना हे कुणालाही ऐकता येईल. आधी गाण्याचा पसारा आक्रसतो, डावं-उजवं एक होतं, कारण स्टिरिओला मोनोपेक्षा सुमारे वीस डेसिबल जास्त जोमाचा संकेत लागतो आणि सेट आपणहून मोनोकडे सरकतो. मग खरखर. घाट उतरून खलघाटकडे वळलं की काहीच नाही. मीडियम वेव्हला हा घाट अडवत नाही. पण नव्या गाड्यांच्या पडद्यावर एएमचं बटण दोन पानं आत गेलेलं असतं. शहराला रंगीत रेडिओ मिळाला आणि निमाडला जुनाच राहिला, तोही दुर्लक्षित. हे तंत्रामुळे झालं असं सांगितलं जातं. कोणता पट्टा कुणाला खुला करायचा हे तंत्राने ठरवलं नव्हतं.

पुढचे टप्पे मागच्या चुका निस्तरण्यात गेले. २००५ मध्ये वार्षिक शुल्काऐवजी एकदाच भरायची प्रवेश रक्कम आणि उत्पन्नाच्या चार टक्के हिस्सा अशी पद्धत आली आणि ९१ शहरांत ३३८ वारंवारिता काढल्या गेल्या. इंदुरात वाहिन्यांची गर्दी झाली ती यानंतर. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा ऐकवायची मुभा दिली. स्वतःच्या बातम्यांचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयातही गेला. २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली की खासगी वाहिन्यांना तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात.

दरम्यान आकाशवाणीने मीडियम वेव्हचे ३५ मोठे प्रक्षेपक डीआरएम या डिजिटल पद्धतीसाठी तयार केले. त्याच मीडियम वेव्हवर, पण खरखर नाही, आणि एका वारंवारितेवर एकाहून जास्त कार्यक्रम. दुकानात याचे सेट जवळपास नाहीत, असले तर महाग. मात्र गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या लाखो गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये डीआरएम आधीच बसवलेला आहे. बऱ्याच मालकांना आपल्याकडे तो आहे हेही ठाऊक नाही. विक्रेते गाडी देताना ब्लूटूथ जोडून दाखवतात आणि किल्ली हातात ठेवतात.

एफएमच्या पट्ट्यात डिजिटल पद्धत कोणती, डीआरएम की अमेरिकेत चालणारी एचडी, यावर दोन्ही बाजूंनी चाचण्या आणि दबाव दोन्ही झाले. परदेशात याच सुमारास वेगळी लढाई पेटली. विजेच्या गाडीत ठिणगी नाही, पण मोटारीला वीज पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा गोंगाट नेमका एएमच्या पट्ट्यात पडतो. काही उत्पादकांनी जाड आवरणं आणि फिल्टर लावण्यापेक्षा एएम काढून टाकणं पसंत केलं. त्यावर अमेरिकेत प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक २०२३ मध्ये मांडलं गेलं, कारण आपत्तीच्या सूचना तिथे याच पट्ट्यावरून दिल्या जातात. आपल्याकडची अडचण जरा निराळी आहे. ज्या मीडियम वेव्हसाठी डीआरएम घेतलं, तिचीच अनेक केंद्रं देशभरात बंद झाली किंवा एफएमवर हलवली गेली. गाडीत सेट आहे आणि प्रक्षेपक कमी होत चालले आहेत. १९९० च्या दशकातल्या डेकवर एफएमचा पट्टा छापलेला होता तेव्हा नेमकं हेच उलट्या पट्ट्यावर घडत होतं.