गॅमा मारलेला गॉज 'स्टेराइल' म्हणून विकायचाय? फाइल कुठं अडकते ते आधी वाचा

यवतमाळ-वाशिम पट्ट्यात कापूस घरचाच, म्हणून सर्जिकल कापूस न् गॉजचं (जखमेवरच्या जाळीदार पट्टीचं) युनिट टाकायचं डोक्यात येणं साहजिक आहे. साधा माल असेल तर फारसं अडत नाही. माल बाहेरच्या प्लांटमध्ये गॅमा किरणांनी निर्जंतुक करून आणायचा आणि पाकिटावर 'स्टेराइल' (निर्जंतुक) छापायचं म्हटलं की मात्र फाइल परत येते, आणि येते ती त्याच त्याच कारणांनी.

पहिलं म्हणजे बँकेचा कागद. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये रेडिएशन शब्द दिसला की साहेब अणुऊर्जा नियामक मंडळाची एनओसी मागतात, त्यांना थेट तारापूरच आठवतं. ती एनओसी तुम्हाला मिळणारच नाही, कारण ही किरणं सोडणारा कोबाल्ट-६० तुमच्या शेडमध्ये नाही, प्लांटमध्ये आहे, त्यामुळं लायसन प्लांटचं. त्याची झेरॉक्स घ्या, मुदत संपली नाही ना ते बघा, प्लांटसोबतचा करार जोडा आणि द्या. गटातल्या बाया विचारतात, "दादा, असा बोळा हाती धरला तं काही होते काय?" काही होत नाही. किरणं मालातून पार जातात, मालात राहत नाहीत.

उद्यम नोंदणी फुकट आहे, त्याचे एजंटला पैसे देऊ नका.

आता खरं लायसन. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली क्लास ए आणि बी चा (कमी धोक्याच्या उपकरणांचा) अर्ज राज्याच्या एफडीएकडं (अन्न व औषध प्रशासनाकडं), एमडी-३ फॉर्मवर, ऑनलाइन. जास्त धोक्याचे क्लास सी-डी केंद्राकडं. नॉन-स्टेराइल क्लास ए ला नुसती नोंदणी चालते, पण तोच माल स्टेराइल केला की लायसन लागतं, इथंच लोक फसतात. सोबत टेक्निकल माणूस दाखवावा लागतो, म्हणजे डिग्री अधिक कामाचा अनुभव. डिग्रीवाली पोरं गावोगावी आहेत, अनुभवाचं पत्र कोणाकडंच नसतं. त्यामुळं शेड बांधायच्या आधी माणूस शोधा, नंतर धावपळ नको.

आणि सगळ्यात जास्त फाइली परत येतात त्या पाकिटापायी. किरणांचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे (किलोग्रे हे डोस मोजायचं माप). तेवढ्यात पॉलिथिनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, ते बऱ्यापैकी तग धरतं. साधं पॉलिप्रॉपिलीन (दुसरं एक प्लास्टिक) मात्र तुटत जातं, आणि प्लांटमधून बाहेर आल्यावरही हवेतल्या ऑक्सिजनमुळं ते तुटणं चालूच राहतं. म्हणून पाकीट नवं असताना झकास दिसतं अन् पुढं गोदामात पडून असताना सीलच्या कडेला बोट लावलं की उन्हात पडलेल्या जुन्या पाइपासारखं तडकतं. सप्लायरकडून 'रेडिएशन ग्रेड' असं लेखी घ्या, फोनवरचं "हो हो चालतंय" कामाचं नाही. कापूसही सेल्युलोजच, म्हणजे प्लास्टिकसारखाच लांब साखळ्यांचा पॉलिमर, त्याचाही दम थोडा कमी होतो आणि रंग पिवळसर होऊ शकतो. म्हणून ताकदीची आणि सीलची टेस्ट गॅमा मारल्यानंतरच्या मालावर करायची, आधीच्या नाही. शिवाय माल किती दिवस टिकतो तेही दाखवावं लागतं, नाहीतर एक्स्पायरी कशाच्या जोरावर छापणार?

बरेच जण खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो जोडतात, पिवळ्याचा लाल झालेला. त्यातून एवढंच कळतं की खोका किरणांतून गेला. डोस पुरेसा होता की नाही ते स्टिकर सांगत नाही. प्लांटचं सर्टिफिकेट किती डोस बसला ते सांगतं, पण 'माल निर्जंतुक आहे' ही जबाबदारी तुमचीच, आयएसओ १११३७ (किरणांनी निर्जंतुक करायचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणं. २५ किलोग्रेच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बॅचमधले दहा-दहा नग घेऊन आधी जंतू मोजायचे, सरासरी नगामागं १००० च्या आत हवी, मग कमी डोस दिलेल्या दहा नगांवर खात्री करायची. हे एकदा केलं की सुटलो असं नाही, साधारण दर तीन महिन्यांनी डोसची तपासणी परत. आणि भाडं वाचवायला खोका मोठा केला, माल ठासून भरला, तर प्लांटला खोक्यातला डोस पुन्हा मोजावा लागतो, वाचलेलं भाडं तिथंच जातं.

एमडी-५, म्हणजे प्रत्यक्ष लायसन, हाती आलं की लोक ते फ्रेम करून लावतात आणि विसरतात. लायसन चालू राहतं हे खरं, पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी (लायसन चालू ठेवायची फी) मुदतीच्या आत भरावी लागते. उशीर झाला तर महिन्याला २ टक्के लेट फी, तीही १८० दिवसांपर्यंतच, पुढं लायसन रद्द. ही पाच वर्षं लायसनवरच्या तारखेपासून मोजायची, पहिला माल विकला त्या दिवसापासून नाही.