माशांच्या खाद्यातली बुरशी : सोलापूरच्या शेततळ्यांपर्यंत ती कशी आली

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले आणि दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला, हे खाद्याच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास अमेरिकेत ट्राउट माशांच्या यकृतात गाठी आढळल्या. तिथे सरकीची पेंड कारण ठरली. दोन्हीकडे मूळ होतं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे पेंडीवरच्या बुरशीने तयार केलेलं विष. त्याच्या इतिहासात मासा असा पहिल्यापासून आहे.

आपल्याकडे १९५७ नंतर कार्प माशांचं बीज संप्रेरकाच्या इंजेक्शनने मिळू लागलं आणि त्यांचं खाद्य म्हणून शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा हे मिश्रण रूढ झालं. सोलापूरला त्याची झळ उशिरा लागली. उजनीतल्या चिलापीला, कटल्याला खाद्य घालायचा प्रश्नच नव्हता. तो आला प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांबरोबर, विशेषतः २०१६ पासून शेततळ्यांची सरकारी योजना राबवली गेल्यावर. कागदाच्या तळ्यात नैसर्गिक खाद्य कमी, त्यामुळे पंगस, रूपचंद पाळायचे तर पोतं विकत आणावंच लागतं.

आता वादाचा मुद्दा : मर्यादा किती धरायची? युरोपात माशांच्या तयार खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ची (या विषाचा सर्वांत घातक प्रकार) मर्यादा १० पीपीबी, म्हणजे अब्जात दहा भाग आहे, तर पेंडीसारख्या कच्च्या मालाला २० पीपीबी चालतं. थंड पाण्यातल्या ट्राउटला एक पीपीबीच्या आसपासही गाठी होतात. उलट गरम पाण्यातल्या कॅटफिशच्या प्रयोगांत दोन हजार पीपीबीनेही वाढ खुंटली नाही, दहा हजारांवर मात्र खुंटली. याच आकड्यांवर बोट ठेवून ‘गरम पाण्याच्या माशाला काही होत नाही’ असं पेंड विकणारे सांगतात. हा निष्कर्ष घातक आहे. ते प्रयोग काही आठवड्यांचे आणि एकाच जातीवरचे. आपल्या तळ्यात हंगामभर तेच खाद्य पडतं, तेही दाटीत वाढणाऱ्या, अधूनमधून प्राणवायू कमी पडणाऱ्या माशांना. मासा मरत नाही म्हणून विष नाही, असं होत नाही. यकृत बिघडतं, रोगाला तोंड देण्याची ताकद घटते, आणि शेतकरी मर पाहून पाण्याला दोष देतो.

खराब शेंगदाणा निवडीत बाजूला पडतो आणि तेलघाण्यावर जातो. विषाचा बराचसा भाग पेंडीत राहतो आणि पेंड खाद्यात जाते. माणसाच्या ताटातून वगळलेलं माशाच्या ताटात चालेल, हे कुणी ठरवलं, याचं उत्तर मागायलाच हवं.

कोरडा जिल्हा, इथे कसली बुरशी, हा समजही काढून टाकायला हवा. शेंगा भरताना पाऊस ओढ देतो, जमीन तापते, तेव्हा हे विष तयार करणारी अस्परजिलस ही बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. पुढचं काम सप्टेंबरचा पाऊस आणि साठवण करते. मोटारीच्या खोलीत शहाबादी फरशीवर, भिंतीला टेकून ठेवलेल्या थप्पीतलं तळाचं पोतं उघडून पाहा. खाद्याच्या गोळ्यांची ढेकळं झालेली असतात, वर हिरवट-पिवळी भुकटी, कुबट वास. बरेच जण ते उन्हात पसरून, झटकून तळ्यात टाकतात. बुरशी झटकली जाते, विष तसंच राहतं; गोळी बनवतानाची उष्णताही त्याला पुरती मोडत नाही.

तपासणीचीही अडचण आहे. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं. एका मुठीचा नमुना निर्दोष निघाला तरी शेजारचं पोतं दूषित असू शकतं. म्हणून नमुना अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घ्यावा लागतो, आणि हा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. खाद्य विकणाऱ्याने प्रत्येक लॉटचा अहवाल पोत्याबरोबर द्यावा.