चार्जरचा हिरवा दिवा

मे महिन्यात दुपारी दीडच्या सुमारास घरी आलो, ई-सायकल पत्र्याच्या शेडखाली उभी केली आणि तशीच चार्जिंगला लावली. जेवून येतो तर चार्जरवर हिरवा दिवा! बरं झालं, लवकर भरली, म्हणत संध्याकाळी जळगावहून नशिराबादला निघालो. परतताना अर्ध्या रस्त्यात मोटर गप्प. चोवीस किलोची ती सायकल पायडल मारत रेटताना टपरीवरून कुणीतरी विचारलंच, "काय भो, करंट संपला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात जाऊन भांडण्याआधी, तोच चार्जर पुन्हा लावून पाहिला. दिवा चार तास लाल. चार्जर धडधाकट होता, चूक माझी होती. बॅटरी किती भरली हे त्या दिव्याला कळतच नाही. वीज वाहतेय की थांबलीय, एवढंच त्याला कळतं. आदल्या दुपारी ती थांबवली होती बॅटरीच्या डब्यातल्या बीएमएस नावाच्या छोट्या सर्किटने, कारण आतले सेल तापलेले होते.

३६ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम-आयन सेलची दहा जणांची साखळी असते. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट. हे सेल साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या मध्येच चार्ज करायचे असतात. शून्याची काळजी आपल्याला नाही, पण मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा सावलीतच पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याखाली त्याहून वर. तापलेल्या सेलमध्ये नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात. ऋण टोकावरचा पातळ थर जाड होत जातो आणि कामाचं लिथियम गिळतो. ते परत मिळत नाही. सगळ्याच बॅटऱ्यांना हा तापमानाचा पहारेकरी नसतो, स्वस्तातल्या तर तापल्या अंगानेही मुकाट चार्ज होत राहतात. म्हणून आता मी आल्यावर तासभर बॅटरी काढून घरात ठेवतो, हाताला कोमट लागेनाशी झाली की मगच वायर जोडतो. ज्यांच्याकडे अजून जाड मातीच्या छताचं, उन्हाळ्यात थंड राहणारं जुनं धाब्याचं घर आहे, त्यांना यासाठी याहून चांगली खोली मिळायची नाही. फक्त चार्जिंग खाटेखाली किंवा दाराच्या वाटेत नको. फुगलेली, आपटलेली, वास येणारी बॅटरी तर चार्जिंगला लावूच नका. आणि पिन बसते म्हणून शेजाऱ्याचा चार्जर मागून आणू नका. ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो, पिन मात्र दोन्हीकडे सारखी असू शकते.

उन्हाचा हिशेब टायरलाही लागू आहे. सकाळी २५ अंशाला ५० पीएसआय हवा भरली आणि दुपारी टायर ६० अंशाला गेला, तर दाब सात-आठ पीएसआयने वाढतो. टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा सकाळीच गाठू नये, ती एवढ्यासाठी. पण आपल्याकडे लोक चूक करतात ती उलट बाजूने. अंगठ्याने दाबून "आहे हवा" म्हणतात. ई-सायकल जड असते, मऊ टायर खड्ड्यात रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोन ठिकाणी चावली जाते.

आता मागचं चाक. माझ्या मते निघण्यापूर्वी सगळ्यात आधी बघायची जागा हीच, आणि तिथेच कुणी बघत नाही. साध्या सायकलचा मागचा एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, नुसता चाकाला धरून असतो. हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेल्या मोटरच्या एक्सलचं काम वेगळं आहे. मोटर चाकाला पुढे फिरवते, तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतःच्या एक्सलला मागे फिरवू बघते. हा न्यूटनचा तिसरा नियम, फ्रेमच्या खाचेत बसलेला. एक्सल फिरू नये म्हणून त्याच्या दोन बाजू सपाट घासलेल्या असतात, त्यांच्यातलं अंतर साधारण १० मिलिमीटर. मोटरचं फिरवण्याचं बळ (टॉर्क) ३० न्यूटन-मीटर धरलं आणि ते सगळं त्या १० मिलिमीटरवर आलं, तर खाचेच्या कडांवर पडणारा जोर होतो ३००० न्यूटन. तीन क्विंटल कापसाच्या वजनाइतका! नट घट्ट असेल तर घर्षण त्यातला बराच भार उचलतं. नट सैल असला की सगळं खाचेवर येतं. प्रत्येक वेळी मोटर सुरू झाली की एक्सल किंचित हलतो, खाच रुंदावते, आणि एके दिवशी एक्सल गरकन फिरून वायर पिळून तोडतो. माझ्या सायकलच्या खाचेला एकदा चकचकीत ओरखडे दिसले होते, बाकी फ्रेमवर धुळीचा थर. धुळीत चमकणारा लोखंडाचा भाग म्हणजे तिथे काहीतरी घासतंय. तेव्हापासून पाना सीटखालच्या पिशवीतच असतो आणि एक्सलला फिरू न देणारा, खाचेत अडकणारा विशेष आकाराचा वायसर मी कधी काढून टाकत नाही.

ब्रेकचा हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. रस्ता कोरडा आणि ब्रेक बरे धरले, तर ताशी १५ किलोमीटरवरून थांबायला दचकण्याच्या एका सेकंदासकट साडेसहा मीटर लागतात, ताशी २५ वरून तेरा. वेग दुप्पटही झालेला नसतो, अंतर मात्र दुप्पट. हीच २५ ची मर्यादा कायद्यातही आहे. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही. काही जण वेगमर्यादेची वायर सोडवून घेतात आणि ब्रेकचे गट्टे मात्र जुनेच ठेवतात. त्यांना काय सांगणार!

ब्रेक लिव्हरमध्ये बहुतेक ई-सायकलींना एक स्विच असतो, लिव्हर ओढला की मोटर बंद. तो तपासायला मागचं चाक उचलून स्टँडवर घ्या, थ्रॉटल हळूच द्या आणि दोन्ही लिव्हर आळीपाळीने अगदी थोडे ओढा. चाकाला ब्रेक लागण्याआधी मोटर थांबली पाहिजे. ब्रेक लागल्यावर थांबत असेल, तर गर्दीत मोटर ब्रेकशी भांडणार. डिस्क ब्रेक असेल तर चेनला तेल घातलेले हात त्या चकतीला लावू नका, पुसल्यानेही ते तेल नीट जात नाही.

सीट? टाच पायडलवर, पायडल सर्वांत खाली, पाय सरळ. तेवढीच उंची. ब्रेक मारून थांबताना एक पाय जमिनीला टेकला पाहिजे, नवशिक्याने हवी तर थोडी खाली घ्यावी.

पायडल मारूनही मोटर साथ देत नसेल, तर मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर जळाला असं लगेच समजू नका. पायडलच्या आसाजवळ चुंबकं बसवलेली एक चकती फिरते आणि समोरचा सेन्सर ती चुंबकं मोजतो. वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आलं की तिच्या आडव्या बाजूंमध्ये किंचित व्होल्टेज येतं, एडविन हॉल या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेला हा परिणाम इथे कामाला लागलेला असतो. चुंबकीय बळ अंतराने झपाट्याने कमी होतं, चकती चार-पाच मिलिमीटर सरकली तरी सेन्सर आंधळा होतो. बोटाने पुन्हा जागेवर ढकलून पाहावी.

एवढं सगळं करून निघालो तरी शेताच्या बांधावरचे सराटे आहेतच. गेल्या दिवाळीनंतर एक टोचला तेव्हा पंक्चरवाल्या भाऊने मागच्या चाकाकडे बघूनच हात वर केले, "वायरवालं चाक मी खोलत नाही." खोलायची गरजही नव्हती. टायरची एकच बाजू रिमबाहेर काढली, तेवढ्या भागातली ट्यूब ओढून बाहेर घेतली आणि चाक जागेवरच ठेवून पॅच मारला. भाऊने वीस रुपये घेतले, पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र लगेच सांगितलं, "आपण इलेक्ट्रिकचंबी करतो."