खाऱ्या पाण्याची छोटी मत्स्यटाकी : पाण्याचे रसायन

साधारण ४० ते ८० लिटरच्या काचेच्या टाकीत समुद्री मासे जगवताना पाण्याची क्षारता (खारेपणा), तापमान, पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) आणि माशांच्या विष्ठेतून तयार होणारी द्रव्ये आटोक्यात ठेवण्याची पद्धत. सांगली-मिरजेकडे समुद्राचे पाणी घाट चढवून आणणे परवडत नाही. ते घरीच बनवावे लागते. क्षार पिशवीतून येतात, ते बहुधा ठीकच असतात. घोटाळा होतो तो गोड्या पाण्यात.

कृष्णेचे नळाचे पाणी पावसाळ्यात गढूळ येते आणि त्यात क्लोरीन असतो. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, शिवाय खतांतला नायट्रेट उतरलेला असू शकतो. जत-आटपाडीकडचे बोअरचे पाणीही बहुधा जड. म्हणून आरओचे पाणी घ्यावे. मात्र घरगुती यंत्रात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर थोडे न गाळलेले पाणी परत मिसळतो, तो बंद करून घ्यावा. २० लिटरचा जार आणला तर आधी टीडीएस मीटर बुडवून पाहावा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितके शेवाळ कमी.

स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटताना चुना व जिप्सम आधी खाली बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. त्यामुळे कोकणातल्या खडेमिठातही समुद्र पुरता उतरत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे कृत्रिम समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम घेऊन बादलीत, छोटा पंप लावून, रात्रभर फिरवतात. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये. विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारी सुमारे ३५ भाग क्षार, हे लक्ष्य. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला की काटा वर जातो आणि आकडा फुगतो. रिफ्रॅक्टोमीटर घेणे बरे. त्याच्या झाकणाखाली दोन थेंब सोडून खिडकीकडे धरले की निळ्या-पांढऱ्या सीमारेषेवर क्षारता दिसते. तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून जुळवावा.

पाणी उडते, मीठ मागे राहते. ४० लिटरच्या टाकीतून ३ लिटर पाणी उडाले तर ३५ ची क्षारता जवळजवळ ३८ होते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये हे फार लवकर घडते. त्यात पाणी २४ ते २७ अंशांवर ठेवायला पृष्ठभागावर पंखा लावतात. त्याने दोन-तीन अंश उतरतात खरे, पण बाष्पीभवनही वाढते. उपाय साधा आहे: काचेवर मार्करने रेघ मारावी आणि रोज संध्याकाळी त्या रेघेपर्यंत आरओचे गोडे पाणी घालावे, खारे नव्हे. रोज ठरलेला तांब्या ओतण्याची सवय मात्र नडते. पावसाळी दमट हवेत पाणी कमी उडते आणि त्याच मापाने क्षारता हळूहळू खाली येते.

नव्या टाकीत मासे लगेच सोडत नाहीत. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जीवाणू दगड-वाळूवर वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. गोड्या पाण्यातले गप्पी मासे पाळून आलेल्यांना हे थांबणे जाचते; पण समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त विषारी. नायट्राइट मात्र क्लोराइडमुळे येथे गोड्या पाण्याइतका घातक ठरत नाही. दोन्ही चाचण्या शून्य दाखवू लागल्या की एखादा क्लाउनफिश सोडावा. नायट्रेट २० मिलिग्रॅम/लिटरच्या आत ठेवायला आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतात. वीज गेली तर पंप थांबून प्राणवायू झपाट्याने घटतो. बॅटरीवरचा हवापंप घरात असावा.

फक्त मासे असतील तर कॅल्शियम (४०० ते ४५० मिलिग्रॅम/लिटर) आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद (८ ते ११ डीकेएच, हे तिचे एकक), पाणीबदलातूनच भरून निघतात. वेगळे डोस घालणे नवशिक्याने टाळावे. प्रवाळ पाळायचा मोह झाला तरी खडकाळ (कठीण सांगाड्याचे) प्रवाळ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे टाकीत कोरडा खडक किंवा सिरॅमिकचे तुकडेच मांडावेत.