कार्डियाक अरेस्टमधून वाचलेला माणूस तेच तेच का विचारतो?

कार्डियाक अरेस्ट झाला, वेळेवर कुणीतरी छाती दाबली, शॉक दिला, आणि आयसीयूतून माणूस आपल्या पायांनी चालत घरी आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग महिना-दीड महिन्यात बारीक बारीक गोष्टी खटकायला लागतात. "मी गोळी घेतली का?" हे अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारलं जातं. गॅसवर दूध ठेवून माणूस बाहेर येऊन पेपर वाचत बसतो. दुकानाचा सगळा हिशोब ज्याला तोंडपाठ असायचा त्याला उधारीच्या दोन नोंदी जुळवताना घाम फुटतो, आणि चार पाहुणे एकदम बोलायला लागले की तो उठून आतल्या खोलीत जाऊन पडतो. घरात यावर उत्तरं तयारच असतात, वय झालं, गोळ्या स्ट्राँग आहेत, टेन्शन घेतलंय, नाहीतर सरळ "लक्षच देत नाहीत हो हे". हे शेवटचं ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा लक्ष देण्याची यंत्रणाच दुखावलेली असते आणि ते कुणी तपासलेलंच नसतं. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट, इको, रक्त पातळ करायच्या गोळ्या सगळं असतं, मेंदूबद्दल मात्र एक ओळ नसते.

आधी एक गल्लत दूर करूया. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक, त्यात हृदय बहुतेक वेळा धडधडत राहतं. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच बंद पडतं. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो पण दोन्ही एक नाहीत, आणि मेंदूच्या दृष्टीने तर हा फरक फारच मोठा आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो एकटा साधारण २० टक्के खातो, आणि साठा जवळपास शून्य. रक्त थांबलं की १०-१५ सेकंदांत शुद्ध जाते आणि पाचेक मिनिटांत पेशींमधली एनर्जी संपत येते. एनर्जी संपली की पेशीच्या आत-बाहेर क्षारांचा तोल सांभाळणारे पंप थांबतात, ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींबाहेर भसाभस सांडतं, त्याने शेजारच्या पेशींची दारं उघडी राहतात आणि आत कॅल्शियम घुसतं, ते मग पेशीला आतूनच पोखरायला लागतं. छाती दाबून दिलेल्या सीपीआरने नेहमीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढाच रक्तपुरवठा होतो, पण तेवढ्यावरही मेंदू तग धरतो, म्हणून तर ती पहिली मिनिटं इतकी मोलाची. आणि हृदय परत सुरू झालं म्हणजे नुकसान थांबलं असंही नाही, रक्त पुन्हा जोरात आलं की त्यातूनही वेगळी इजा होते, सूज येते.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मेंदूच्या सगळ्या पेशी सारख्या नाजूक नसतात. कानाच्या वरच्या बाजूला, खोल आत, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवीन आठवणी पक्क्या करायचं काम त्याचं. त्यातला सीए-१ नावाचा पट्टा ऑक्सिजन तुटला की सगळ्यात आधी मार खाणाऱ्यांपैकी आहे. १९८२ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की थोडी मिनिटं रक्त बंद करून परत सुरू केल्यावर या पेशी पहिल्या दिवशी ठीकठाक दिसतात आणि मग दोन ते चार दिवसांत मरतात. म्हणजे नुकसान नंतरही चालूच असतं. म्हणूनच पेशंट शुद्धीवर नसताना आयसीयूत ताप चढू न देण्यावर एवढा जोर असतो. आधी शरीर ३३ डिग्रीपर्यंत थंड करायची पद्धत जोरात होती, पण २०२१ मधल्या १,९०० पेशंट्सच्या मोठ्या ट्रायलमध्ये थंड करणं आणि नुसता ताप टाळणं यात फरक दिसला नाही.

सीए-१ गेल्यावर काय होतं हे एका माणसाने जगाला दाखवलं. अमेरिकेतला एक पेशंट, शास्त्रीय लेखांत त्याचं नाव फक्त आर.बी. एवढंच आहे. १९७८ मध्ये, ५२ व्या वर्षी, बायपासनंतर गुंतागुंत होऊन त्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा खालावला. त्यानंतर तो पाच वर्षं जगला. बोलणं छान, बुद्धी शाबूत, माणसं ओळखायचा, जुन्या गोष्टीही बऱ्याच आठवायच्या. पण मुलांशी फोनवर बोलला तर दुसऱ्या दिवशी आपण बोललो हेच त्याला आठवायचं नाही. गेल्यावर त्याचा मेंदू बारीक काप करून तपासला गेला आणि १९८६ मध्ये लॅरी स्क्वायर आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. बाकी किरकोळ जखमा होत्या, पण विसरण्याचा उलगडा करणारी जखम एकच, दोन्ही बाजूंचा सीए-१ पट्टा. एवढ्याशा भागाने असं आयुष्य उलटंपालटं होतं. हे वाचल्यावर "कालच तर सांगितलं होतं ना!" असं ओरडायच्या आधी माणूस थांबेल असं मला वाटतं.

अर्थात सगळ्यांचं आर.बी.सारखं होत नाही, बहुतेकांचं याहून खूपच सौम्य असतं, म्हणूनच ते सुटून जातं. वेगवेगळ्या अभ्यासांत वाचलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांमध्ये स्मरणशक्ती, लक्ष किंवा प्लॅनिंग यात काहीतरी कमी सापडतं. डॉक्टरने पाच मिनिटं गप्पा मारल्या तर कळणारही नाही, कारण गप्पा मारायला जुनं ज्ञान पुरतं. अडतं कुठे तर एकाच वेळी दोन कामं करताना, म्हणजे फोनवर बोलता बोलता भाजी फोडणीला टाकणं, किंवा स्टेशनवर अनाउन्समेंट ऐकून पटकन प्लॅटफॉर्म बदलणं. विचारांचा वेग कमी झालेला असतो आणि थकवा तर असा की दुपारी बारालाच दिवस संपल्यासारखा वाटतो. पेशंटला स्वतःला हे बऱ्याचदा जाणवतही नाही, तो मनापासून "मी एकदम फिट" म्हणतो, म्हणून घरच्यांना वेगळं विचारलं पाहिजे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१५ मध्ये आलेल्या युरोपातल्या अभ्यासात अरेस्टमधून वाचलेल्यांची तुलना साध्या हार्ट अटॅकच्या पेशंट्सशी केली, ज्यांच्या मेंदूचं रक्त थांबलंच नव्हतं, आणि त्यांच्यातही अडचणी बऱ्यापैकी तेवढ्याच निघाल्या, लक्ष आणि मेंदूचा वेग एवढ्यात अरेस्टवाले जास्त मागे होते. म्हणजे सगळंच ऑक्सिजनवर ढकलता येत नाही, आधीचं बीपी, डायबेटिस, कमजोर हृदय, तुटक झोप आणि नैराश्य हेही मेंदूला ओढतात. ही एका अर्थी चांगली बातमी आहे कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे तपासणी मागायची. २०२१ च्या युरोपियन गाइडलाइन्स सांगतात की डिस्चार्जच्या आधी एकदा आणि घरी गेल्यावर तीन महिन्यांच्या आत परत बघा, आठवण-लक्ष, मनःस्थिती आणि थकवा, तिन्ही. त्यासाठी मोका नावाची दहाएक मिनिटांची, ३० मार्कांची टेस्ट चालते. त्यात पाच शब्द थोड्या वेळाने परत सांगायचे, घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, असं असतं. आपल्याकडे हे कुणी आपणहून करेल याची वाट बघू नका, कार्डिओलॉजिस्टना सरळ विचारा आणि न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी मागा. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे रोजची कामं परत जमवायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाचा, इथे फार उपयोग होतो, मुंबईत केईएम, सायन, नायरमध्ये हे विभाग आहेत, पण लोकांना वाटतं तिथे फक्त लकव्याचे पेशंट जातात.

सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, नंतरही थोडी थोडी चालू राहते. गेलेली आठवण परत आणणारी, नीट सिद्ध झालेली गोळी आज तरी नाही, तेव्हा ब्रेन टॉनिकवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा, फोनवर अलार्म, सगळं एकाच डायरीत, दुपारी ठरवून आराम, एका वेळी एकच काम. गॅस आणि ड्रायव्हिंगबद्दल मात्र डॉक्टरांशी बोलून मगच ठरवा. कामावर परतणारे खूप असतात, डेन्मार्कमध्ये आधी नोकरी असलेल्या आणि अरेस्टमधून वाचलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के परत कामाला लागले, फक्त पहिल्याच दिवसापासून पूर्ण शिफ्ट नको. आणि अरेस्टच्या आसपासचे दिवस आठवत नसतील तर "आठव ना, आठव ना" करून काही उपयोग नाही, त्या आठवणी साठवल्याच गेल्या नव्हत्या, त्यापेक्षा काय काय झालं ते शांतपणे सांगा, हवं तर लिहून द्या.

राहता राहिले घरचे. ज्या बायकोने किंवा मुलाने स्वयंपाकघराच्या फरशीवर सीपीआर दिला त्यांच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य हलत नाही, कित्येक महिने ते रात्री उठून शेजारचा श्वास चालू आहे का बघतात. नेदरलँड्समध्ये नर्सने लवकर भेटून पेशंट आणि घरचे दोघांनाही तपासायचं, माहिती द्यायची, एवढा साधा कार्यक्रम करून बघितला तर वर्षाने पेशंट्सचं जगणं सुधारलेलं दिसलं. तेव्हा फॉलोअपला जाल तेव्हा घरच्यांची झोप, भीती यासाठीही डॉक्टरांकडून पाच मिनिटं मागून घ्या.